सोडून दिलेला गुडघा

हेलसिंकीला १९५२ साली आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीच्या ५७ किलो गटात ब्राँझ मिळवलं. त्याच ऑलिंपिकमध्ये ७९ किलोत रौप्य घेऊन गेला तेहरानच्या खानियाबाद वस्तीतला एक एकविशीचा पोरगा, घुलामरझा तख्ती. पुढे १९५६ला मेलबर्नमध्ये सुवर्ण, १९६०ला रोममध्ये पुन्हा रौप्य, शिवाय १९५९ आणि १९६१ची जागतिक विजेतेपदं. कामगिरी भरघोस, पण नुसती पदकं मोजायची तर सोव्हिएत संघाचा अलेक्झांडर मेदवेद त्याच्या पुढे निघतो. त्याची एकट्याची ऑलिंपिक सुवर्णं तीन. तरी इराणी माणूस ‘जहान पहलवान’ म्हणजे जगाचा पैलवान म्हणतो तो तख्तीलाच.

या दोघांची १९६२च्या जागतिक स्पर्धेतली, अमेरिकेतल्या टोलेडोची कुस्ती म्हणूनच बारकाईनं पाहावीशी वाटते. असं सांगतात की मेदवेदचा उजवा गुडघा दुखावला होता आणि तख्तीला ते कळलं होतं. फ्रीस्टाइलमध्ये पाय धरायला मुभा असते. समोरच्याचा पाय कच्चा आहे म्हटल्यावर वस्ताद कानात काय सांगेल? पट काढ! यात नियमाबाहेरचं काहीच नाही. तख्तीनं मात्र त्या पायाला हात लावायचा नाही असं ठरवलं. याची किंमत मॅटवर उतरलेल्यालाच कळेल: एक बाजू आपणच बंद केली की प्रतिस्पर्ध्याचा निम्मा बचाव आयता होतो, हूल द्यायलाही जागा उरत नाही. सुवर्ण मेदवेदला गेलं, तख्तीला रौप्य. सांगणाऱ्यांनी या गोष्टीला थोडं तिखटमीठ लावलंही असेल. मला त्याचं वावडं नाही. जिंकलेल्या इतक्या कुस्त्या हाताशी असताना लोकांनी मिरवायला ही सुवर्ण हुकलेली निवडली, हे जास्त बोलकं आहे.

त्याच वर्षी १ सप्टेंबरला इराणमधल्या बुइन झहराच्या भूकंपात बारा हजारांच्या आसपास माणसं गेली. तख्ती तेहरानच्या रस्त्यांवर स्वतः मदत मागत फिरला आणि लोकांनी हातचं राखून न ठेवता दिलं. तो शहाच्या विरोधातल्या, माजी पंतप्रधान मोसद्देकांच्या राष्ट्रीय आघाडीचा माणूस. सरकारी फंडापेक्षा या पैलवानाच्या शब्दाची पत मोठी ठरणं शहाच्या दरबाराला रुचणं शक्यच नव्हतं.

टोकियोत १९६४ला तो चौथा आला, पदक हुकलं. ७ जानेवारी १९६८ला तेहरानच्या एका हॉटेलात त्याचा मृतदेह सापडला. वय ३७, घरी काही महिन्यांचा मुलगा. सरकारनं आत्महत्या जाहीर केली. असंख्य इराण्यांनी ती मानली नाही, आणि बोट दाखवलं ते शहाच्या गुप्त पोलिसांकडे, सावाककडे. पुरावा कुणापाशीच नव्हता. पण दुबळ्या गुडघ्याला हात न लावणारा माणूस एकीकडे आणि सरकारी खुलासा दुसरीकडे, यात लोक कुणाच्या बाजूला जाणार होते?