सहा आडव्या रेघा

रसग्रहण कवितेचं करतात, बंदिशीचं करतात. मला ते एका छापील कागदाचं करावंसं वाटतं. नासाच्या एम्स संशोधन केंद्रातल्या सँड्रा हार्ट यांनी लॉवेल स्टेव्हलँड यांच्यासोबत 1988 मध्ये मांडलेला हा ‘टास्क लोड इंडेक्स’. वैमानिकाच्या किंवा जहाजावरच्या माणसाच्या मनावर कामाचा किती भार पडला, हे त्यालाच विचारून मोजायचा हा कागद आज जगभर वापरात आहे. त्यावर सहा आडव्या रेघा असतात, प्रत्येक रेघेचे वीस भाग. डोक्याचं काम, अंगमेहनत, वेळेची घाई, कामगिरी, करावी लागलेली पराकाष्ठा आणि वैताग. प्रत्येक रेघेवर एक खूण करायची, बस्स.

हा कागद वाचताना माझ्या डोळ्यांपुढे लोणावळा येतं. भुशी धरणापलीकडे आयएनएस शिवाजी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर, 1945 पासून, नौदलाच्या इंजिनांची माणसं इथे घडतात. इथल्या एनबीसीडी स्कूलमध्ये जहाज फुटलं तर ते कसं वाचवायचं ते शिकवतात. त्यासाठी जहाजाच्या पोटासारखी बांधलेली, डोलणारी पोलादी रचना आहे. भिंतीतल्या भोकांतून पाणी जोरात आत येतं, पायाखालचा डेक कलतो आणि त्यातच भोकात लाकडी पाचर ठोकायची, वर टेकू लावायचा. पाण्याचा आवाज इतका, की शेजारच्याशीही ओरडूनच बोलावं लागतं.

समजा, तिथून निथळत बाहेर आलेल्या पोराच्या हातात हा कागद दिला. अंगमेहनत आणि घाई यांच्या खुणा तो उजव्या टोकाला करील, हे कुणीही सांगेल. खरी गंमत चौथ्या रेघेत आहे. बाकीच्या पाच रेघा ‘कमी’पासून ‘जास्त’कडे जातात. कामगिरीची रेघ मात्र डावीकडे ‘उत्तम’ आणि उजवीकडे ‘अपयश’ अशी जाते. घाईघाईत भरणारा हमखास इथे उलटी खूण करतो, त्यामुळे काही जण याला रचनेतला दोष मानतात. मला तर त्यात या कागदाची सगळ्यात खोल समज दिसते. उजवीकडे सरकणारी प्रत्येक खूण भार वाढवते आणि काम फसलं ही जाणीवसुद्धा त्या भारातच धरली आहे. पाचर बसली नाही, पाणी येतच राहिलं, तर त्या पोराचे दंड जितके दुखतात त्याहून ते न जमणं जड असतं. नुसतं स्टॉपवॉच लावणाऱ्याला हे कधी दिसलं नसतं.

तितकीच देखणी आहे ती पंधरा जोड्यांची पायरी. सहा बाबी दोन-दोन करून समोर ठेवायच्या आणि विचारायचं, या कामात तुझा भार यातल्या कशामुळे जास्त? जी बाब जितक्या वेळा निवडली जाईल, तितकं तिचं वजन. म्हणजे कुणाला काय जड गेलं, हे संशोधक ठरवत नाही, काम करणारा ठरवतो. वेळ वाचवायला पुष्कळ जण ही पायरी गाळतात आणि सहा आकड्यांची सरळ सरासरी काढतात. मला ते पटत नाही.

का पटत नाही, ते लोणावळ्याहून कर्जतकडे गाडी उतरवणाऱ्या लोको पायलटकडे पाहिलं की कळतं. बोर घाटात उतार 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. वाटेत कॅच सायडिंग आहेत; बेकाबू गाडी चढावर वळवून थांबवायची ती सोय. ब्रेक ताब्यात आहे हे गाडी उभी करून दाखवल्याशिवाय पुढचा मार्ग मिळत नाही. या माणसाच्या अंगमेहनतीच्या रेघेवरची खूण डावीकडेच राहणार, आणि सरळ सरासरीत ती रिकामी रेघ त्याचा एकूण भार खाली ओढणार. तो सबंध वेळ मागच्या डब्यांचं वजन मनात तोलत असतो, त्याचा हिशोब फक्त वजनांच्या पायरीत लागतो.

मग माणसाला न विचारता यंत्रंच का लावू नयेत? शरीरावर यंत्रं लावून मोजणं लोणावळ्याला नवं नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये इथे कैवल्यधाम काढलं ते योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडतं हे उपकरणांनी तपासायलाच. नाडी खोटं बोलत नाही हे खरं. पण ती भीतीनेही वाढते आणि जिना चढूनही, म्हणून माणसाला विचारावंच लागतं.

मात्र कंटाळ्याला या कागदात रेघ नाही आणि शिवाजीतून बाहेर पडणाऱ्यांचं निम्मं आयुष्य कंटाळ्यातच जातं. रात्रीची चार तासांची वॉच, सगळे गेज जागच्या जागी, काहीही घडत नाही. नॉर्मन मॅकवर्थने 1948 मध्ये दाखवून दिलं, की घड्याळासारख्या तबकडीवरचा काटा क्वचित मारतो ती दुहेरी उडी टिपायला बसवलेली माणसं अर्ध्या तासातच ती चुकवू लागतात. काम चालू असतानाच मधूनमधून भाराचा 1 ते 5 मधला आकडा विचारायची पद्धत ब्रिटनमध्ये हवाई वाहतूक नियंत्रकांसाठी निघाली. पण पेंगणाऱ्या वॉचकीपरला प्रश्न विचारला की तो जागा होतो. तिथे त्याला न विचारता, मॅकवर्थने मोजल्या तशा सुटलेल्या उड्याच मोजाव्या लागतात.