सापळ्यातला पतंग आणि फोनमधली बुद्धिमत्ता

वर्धा जिल्ह्याच्या कापूसपट्ट्यात कामगंध सापळे आता नवे नाहीत. गुलाबी बोंडअळीच्या मादी पतंगाचा गंध कृत्रिमरीत्या बनवून सापळ्यात ठेवतात. नर त्याकडे येऊन अडकतात. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग सापडले, की फवारणीचा निर्णय घ्यायचा. मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने ही मोजणी फोनवर आणली. पतंग कोऱ्या कागदावर ठेवून फोटो काढायचा. प्रणाली ते ओळखते, मोजते आणि सल्ला देते. काम मर्यादित आहे, पण उपयोगाचे आहे. आक्षेप आहे तो अशा प्रणालींना सरसकट 'मेंदूसारखी' म्हणण्याला. वर्गातही आपण तसेच सांगून मोकळे होतो.

साम्य आहे, पण थोडे. ठरावीक दिशेने झुकलेल्या रेषेलाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी ह्यूबेल आणि वीझेल यांना १९५९ साली मांजराच्या मेंदूत आढळल्या. त्यावरून फुकुशिमा यांनी १९८० साली थराथरांचे कृत्रिम जाळे रचले. चित्रे ओळखणाऱ्या आजच्या अनेक प्रणाली त्याच वंशातल्या. मेंदूकडून हा एक धडा घेतला गेला. दोन मात्र अपुरेच घेतले.

पहिला धडा सापळ्यातला पतंगच देतो. कोणीही न शिकवता त्याला मादीचा गंध ओळखता येतो. गंध लागला की तो वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडतो. सुटला की डावी-उजवीकडे आडवा उडून पुन्हा शोधतो. हे ज्ञान असंख्य पिढ्यांच्या निवडीतून त्याच्या चेतापेशींच्या जोडणीत उतरले आहे. यंत्राला मात्र नावे लावलेले फोटो हजारोंनी पुरवावे लागतात. अशा जोडण्यांकडून शिकता येते: फळमाशीच्या गंधकेंद्राच्या रचनेवरून दासगुप्ता, स्टीव्हन्स आणि नवलखा यांनी २०१७ साली सारख्या गोष्टी शोधण्याची नवी गणनरीत मांडली.

दुसरा धडा अधिक महत्त्वाचा. बीटी कापूस २००२ साली आला, दुसरे जनुक घातलेला २००६ साली. तरीही २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडअळीने बोंडे पोखरलीच. 'अळी शिकली' असे म्हणणे चूक आहे. एकही अळी शिकली नाही. ज्यांच्यात विषाला दाद न देणारा फरक होता त्या वाचल्या, आणि त्यांची संतती वाढली. शिकवून झालेले जाळे मात्र माणूस पुन्हा शिकवीपर्यंत तसेच राहते. निसर्ग बदलता आणि उत्तर ठरलेले, हे बीटीच्या बाबतीत महागात पडले. तीच चूक यंत्राच्या बाबतीत नको. कारण त्या आकड्यावर फवारणी ठरते, आणि २०१७ सालीच शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली होती.

शिक्षकांनी एक करावे. शेतातल्या सापळ्यातले पतंग विद्यार्थ्यांना पंधरा दिवस हाताने मोजू द्यावेत आणि फोनच्या आकड्याशी ताडून पाहू द्यावेत. फरक कुठे पडतो आणि का, याची चर्चा 'यंत्राला मेंदू असतो का?' या प्रश्नापेक्षा पुष्कळ शिकवील.