निशाणी, नांव आणि मत : प्रौढ साक्षरतेच्या एका धड्याचें परीक्षण

जुन्या महजरांचा व वतनपत्रांचा ज्यांस परिचय आहे त्यांस कागदाच्या शेवटची ‘निशाणी’ नवी नाहीं. पाटलाचा नांगर, वाण्याची तागडी, न्हाव्याचा आरसा, स्त्रीची बांगडी, हीं चिन्हें लिहितां न येणाऱ्या पक्षकारांचीं होत. त्यांवरून एवढें निर्विवाद ठरतें कीं, निरक्षराची साक्ष व संमति त्या काळीं ग्राह्य मानली जात असे. परंतु दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. नांगर किंवा तागडी मनुष्याचा व्यवसाय सांगते. बांगडी केवळ इतकेंच सांगते कीं, ही स्त्री आहे. ती कोण, हें लेखकानें शेजारीं लिहिलेल्या नांवावरूनच कळतें. तें नांव फाटून गेलें तर बांगडी मुकी होते.

हा विचार येथें मांडण्याचें कारण, प्रौढ साक्षरतावर्गांतील मतदानाचा धडा. २०२२ मध्यें सुरू झालेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमांत, म्हणजे ‘उल्लास’ योजनेंत, पंधरा वर्षांवरील निरक्षरांस लेखन, वाचन व अंकज्ञान यांबरोबर कायदेविषयक व इतर जीवनोपयोगी माहितीही द्यावी असें योजिलें आहे. निवडणूक आयोगानेंही २००९ पासून मतदार-शिक्षणाचें काम पद्धतशीरपणें हातीं घेतलें. हे दोन्ही उद्योग स्तुत्य आहेत. तथापि ‘मत हें पवित्र दान आहे, तें अवश्य करावें’ एवढ्या उपदेशावर जो धडा संपतो तो आम्हांस अपुरा वाटतो. शिकणारी स्त्री असेल तर तो विशेषच अपुरा. कारण हा हक्क कोणत्या अटी मोडून तिच्यापर्यंत आला, हें त्यांत येत नाहीं.

त्या अटी थोडक्यांत अशा. १९१९ च्या सुधारणा-कायद्यानें स्त्रियांच्या मताचा प्रश्न प्रांतिक कायदेमंडळांवर सोंपविला. मुंबई कायदेमंडळानें १९२१ मध्यें स्त्रीत्वाची आडकाठी दूर केली. पण मालमत्तेची अट राहिल्यानें लाभ थोड्यांसच झाला. १९३५ च्या कायद्यानें बऱ्याच प्रांतांत स्त्रियांकरितां आणखी दोन वाटा उघडल्या : लिहितां-वाचतां येणें, किंवा मतदार पुरुषाची पत्नी असणें. म्हणजे स्वतःच्या नांवावर कांहीं नसलेल्या स्त्रीनें एकतर अक्षर दाखवावें, नाहींतर नवरा दाखवावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मुंबई इलाख्याच्या राज्यकारभारासंबंधींच्या १९२९ मधील आपल्या स्वतंत्र अहवालांत साक्षरतेच्या कसोटीवर नेमका आघात केला होता. निरक्षर म्हणजे निर्बुद्ध, हें गृहीतच त्यांनीं नाकारलें. १९५० मध्यें राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमानें अक्षराची, मालमत्तेची व नवऱ्याची, तिन्ही अटी एकदम गेल्या.

याचा प्रत्यक्ष परिणाम सोलापुरांत पाहावा. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत सोलापूर हा लोकसभेचा द्विसदस्य मतदारसंघ होता. प्रत्येक मतदाराच्या हातीं दोन मतपत्रिका पडत. उमेदवारागणिक वेगळी पेटी असे व तिजवर त्याचें चिन्ह असे. दोन्ही पत्रिका एकाच पेटींत टाकल्यास एक मत वाया जाई. १९५१ च्या जनगणनेप्रमाणें देशांतील साक्षर स्त्रियांचें प्रमाण शेंकडा नऊसुद्धां नव्हतें. अशा मतदारवर्गाला हा नियम चित्रांवरूनच समजवावा लागला. काँग्रेसची बैलजोडी आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती हीं त्या चित्रांपैकीं होत. शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे व फेडरेशनचे पां. ना. राजभोज हे दोघे निवडून आले. महजरावरील निशाणी अशा रीतीनें पेटीवर आली; मात्र आतां ती मत देणाऱ्याची नसून मत घेणाऱ्याची होती.

मग चिन्ह पुरेसें असतां अक्षर कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. त्याचें उत्तर निवडणूक आयोगाच्या १९५५ च्या अहवालांत आहे. देशांतील सुमारें आठ कोटि स्त्री-मतदारांपैकीं जवळजवळ २८ लाख स्त्रियांनीं स्वतःचें नांव न सांगतां ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची आई’ एवढेंच सांगितलें, म्हणून त्यांच्या नोंदी यादींतून वगळल्या गेल्या. हा प्रकार मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेश येथें घडला. त्या स्त्रियांचें मत निरक्षरतेनें गेलें नाहीं, तें नांवावांचून गेलें.

आपल्याकडे प्रश्न निराळ्या रूपानें उरतो. लग्नांत नांव बदलण्याच्या चालीमुळें माहेरचें एक व सासरचें दुसरें अशीं दोन नांवें एकाच स्त्रीस असूं शकतात. सोलापुरांत तर मराठीबरोबर तेलुगु, कानडी व उर्दू बोलणारीं घरें शेजारीं नांदतात. विडी वळणाऱ्या पद्मशाली स्त्रीचें तेलुगु आडनांव देवनागरींत उतरतांना लेखकागणिक पालटूं शकतें. ओळखपत्रावर एक रूप व यादींत दुसरें असल्यास तें ताडून पाहण्यास अक्षरच लागतें. नवी नोंद करण्याचा नमुना क्रमांक ६ व दुरुस्तीचा क्रमांक ८ हे चित्रावरून भरतां येत नाहींत. आतां यंत्राशेजारच्या कांचेमागें अनुक्रमांक, उमेदवाराचें नांव व चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते. तेवढ्या अवधींत नांव वाचणारी स्त्री आपल्या मताची स्वतः साक्षी होते.

म्हणून आमचें मत असें कीं, या धड्याचा क्रम बदलावा. प्रथम शिकणारीचें स्वतःचें पूर्ण नांव. मग मतदार-यादींतील तिची ओळ. मग दुरुस्तीचा अर्ज. आणि मत गुप्त असतें, तें नवऱ्यासही सांगण्याचें बंधन नाहीं, ही गोष्ट. उपदेश शेवटीं आला तरी चालेल. अक्षर ही मताची अट आहे अशी समजूत मात्र शिक्षकाच्या बोलण्यांतून कोठेंही होऊं नये.

संग्राहकांसही एक विनंति. जुन्या मतदार-याद्या व साक्षरतावर्गांचीं वाचनपुस्तकें रद्दींत जाण्यासारखीं वाटतात. पण बांगडीच्या निशाणीपासून यादींतील नांवापर्यंतचा इतिहास पुढें कोणास लिहावयाचा झाल्यास साधन हेंच. सोलापूर व आसपासच्या तालुक्यांत असे कागद आढळल्यास ते महजरांच्याच काळजीनें राखून ठेवावेत.