कंटाळवाण्या माणसाचा खून

रहस्यकादंबरीत खून करायचा तर आधी जागा बघावी लागते, आणि या बाबतीत आमचे अवसरी खुर्द अगदीच कुचकामी आहे. परका माणूस एस.टी.तून उतरून पिशवी खांद्याला लावतो न लावतो तोच कुणीतरी विचारते, "कुनाकडं आलाय पाव्हणं?" त्याने नाव सांगितले की लगेच, "म्हंजी त्यांच्या धाकल्या सुनंच्या माहेरचं का?" अशा गावात मारेकऱ्याने खोटे नाव घेऊन राहायचे तरी कसे? संध्याकाळच्या आत त्याच्या खोट्या नावाचेसुद्धा चार नातेवाईक निघायचे!

ॲगाथा ख्रिस्तीबाईंना हे पक्के ठाऊक होते. म्हणून त्या आपली माणसे मारायला हवापालटाच्या ठिकाणी नेत. १९४१ च्या 'ईव्हिल अंडर द सन'मध्ये समुद्रकाठचे हॉटेल आहे, १९३७ च्या 'डेथ ऑन द नाईल'मध्ये नाईल नदीवरची बोट आहे. हवा खायला आलेल्या माणसाला "का आलात?" असे कुणी विचारत नाही, आणि नेमकी हीच सवलत खुन्यालाही मिळते. सगळे एकमेकांना कालपासून ओळखतात आणि जन्मापासून ओळखत असल्यासारखे हसतात. आपल्या महाबळेश्वर-माथेरानलाही असेच हसतात. फक्त तिथे खुनाऐवजी हॉटेलचे बिल येते.

या जातीच्या पुस्तकांतले माझे आवडते म्हणजे १९६४ चे 'अ कॅरिबियन मिस्टरी'. मिस मार्पल या अविवाहित आजीबाईंना न्यूमोनिया होऊन गेलेला असतो. लेखक असलेला भाचा त्यांना वेस्ट इंडीजमधल्या (म्हणजे बाईंनी कल्पिलेल्या) सेंट ऑनोरे बेटावर हवापालटासाठी पाठवतो. ऊन छान, समुद्र छान, हॉटेल छान, आणि आजीबाई महाकंटाळलेल्या. रोज तेच माड, रोज तीच हवा. त्यांच्या सेंट मेरी मीड गावात कसे, रोज काही ना काही घडायचे! हे वाचले आणि बाई मला एकदम आपल्याच वाटल्या. सेंट मेरी मीडला 'खुर्द' लावले तर आंबेगाव तालुक्यात ते सहज खपून जाईल. आमच्याकडेही कंटाळ्याची सोय नाही. कांद्याचा भाव पडतो, उसात बिबट्या दिसतो. नाहीच दिसला तर तो कुणाला तरी दिसल्याची बातमी येते.

तर या हॉटेलात एक मेजर पाल्ग्रेव्ह आहेत. मेजरसाहेबांना आफ्रिकेतल्या जुन्या गोष्टी सांगायची हौस, आणि ऐकायला कुणी नाही. आजीबाई बिचाऱ्या विणकाम करत माना डोलावतात; मन भलतीकडेच. बोलता बोलता मेजर एका खुन्याची हकिगत सांगतात, "त्याचा फोटो बघायचाय?" म्हणून पाकीट काढतात, आजीबाईंच्या खांद्यावरून पलीकडे बघतात, लालेलाल होतात आणि फोटो घाईघाईने आत कोंबून मोठमोठ्याने हत्तीच्या सुळ्यांबद्दल बोलू लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मेजर मेलेले. खोलीत रक्तदाबाच्या गोळ्यांची बाटली. पाकिटातला फोटो गायब. आणि आता आजीबाई डोके धरून बसल्या आहेत, कारण मेजर नेमके काय म्हणाले होते ते त्यांना धड आठवत नाही!

यापुढचे मी सांगणार नाही. (रहस्यकथेचा शेवट सांगणाऱ्यांबद्दल पिनल कोडात काही तरतूद नव्हती आणि नव्या न्यायसंहितेतही केलेली दिसत नाही.) पण बाईंची खरी चलाखी शेवटी नाही, सुरुवातीलाच आहे. मेजरची बडबड त्यांनी मुद्दाम रटाळ लिहिली आहे. ती वाचताना आपणही जांभई देतो, दोन पाने एकदम उलटतो आणि "खून कधी होतोय?" म्हणून पुढे पळतो. खून कुणी केला हे समजायला लागणारे बहुतेक सगळे सामान त्याच पानांत पडलेले असते. आजीबाईंनी ऐकले नाही, तसे वाचकानेही ऐकले नाही. वाचकाला गुन्ह्यात इतक्या सभ्यपणे सामील करून घेणारी दुसरी लेखिका मला माहीत नाही. आमचे बाबूराव अर्नाळकर काही कमी नव्हेत; हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. पण त्यांच्या झुंजारच्या मागे पळताना वाचकाला पान गाळायची सवड कुठली? बाई ती सवड देतात आणि मग पकडतात.

आजीबाईंची तपासाची पद्धतही अस्सल गावठी. हा माणूस आपल्या गावच्या अमक्यासारखा, ही बाई तमकीसारखी, म्हणजे ही अशी वागणार. शहरातल्या समीक्षकांना ही क्लृप्ती भाबडी वाटते. वाटो. त्यांना शेजारच्या ब्लॉकमध्ये कोण राहते हे दारावरची पाटी वाचून कळते.

आता माझी तक्रार. त्या हॉटेलात व्हिक्टोरिया नावाची मोलकरीण आहे, बेटावरचीच पोर. गोळ्यांची बाटली आदल्या दिवसापर्यंत मेजरच्या खोलीत नव्हती हे सगळ्या हॉटेलात तिच्याच लक्षात येते. येणारच! कुणाच्या फळीवर काय आहे हे झाडणाऱ्याइतके कुणाला ठाऊक असते? घरातले माणूस चष्मा शोधत बसते आणि भांडीवाल्या मावशी चुलीपासून न हलता सांगतात, "फ्रीजवर हाये." पण बाईंनी काय केले? व्हिक्टोरियाला चार वाक्ये दिली, थोडा पैशाचा लोभ चिकटवला आणि चाकूने मारून टाकली. मेजरची हकिगत अर्धवट राहिली याची हुरहूर पुस्तकभर आहे. व्हिक्टोरियाची अर्धवट राहिली याची फारशी कुणाला नाही. तिच्या बेटावर तीच परकी, आणि चार दिवस हवा खायला आलेले गोरे लोक घरचे! कुणाचे तरी ऐकले नाही म्हणून घडलेल्या अनर्थाची गोष्ट लिहिताना बाईंनी स्वतःच एका पोरीचे ऐकले नाही. पुस्तक चांगले आहे म्हणून हे जास्त खुपते. वाईट पुस्तकाबद्दल तक्रार करायला सवड कुणाला आहे?

तरी पुस्तक वाचा आणि सावकाश वाचा. 'खुर्द' म्हणजे धाकटे आणि 'बुद्रुक' हा शब्द 'बुजुर्ग'वरून आलेला, म्हणजे वडीलधारे. बुद्रुक बोलत असतील तेव्हा खुर्दांनी ऐकावे, एवढेच या पुस्तकाचे सांगणे. (शेजारच्या अवसरी बुद्रुककरांनी याचा भलता अर्थ काढू नये.)

आमच्या पारावर एक निवृत्त सुभेदार बसतात. "बाहत्तरच्या दुष्काळात मी सुट्टीवर आलो होतो..." असे त्यांनी म्हटले की थोरांना गुरे सोडायची आठवण होते आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांना मोबाईलवर काहीतरी तातडीचे येते. त्या सुट्टीत पुढे काय झाले, हे गेल्या कित्येक वर्षांत पाराला समजलेले नाही. सुभेदारांची तब्येत तूर्त ठणठणीत आहे, रक्तदाबही नाही. त्यांच्या पाकिटात एक जुना फोटो असतो. कुणाचा, ते अजून कुणी विचारलेले नाही.