रांगेतून पाहायचे हात

परदेशातून दिल्लीत उतरलेला माणूस लांबच लांब मार्गिका तुडवत, झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी येतो आणि इमिग्रेशनकडे उतरणाऱ्या सरकत्या जिन्यापाशी पोचतो. तिथे समोरच्या भिंतीतून नऊ प्रचंड हात बाहेर आलेले दिसतात. टर्मिनल ३ जुलै २०१०मध्ये, राष्ट्रकुल स्पर्धांच्या तोंडावर सुरू झालं. जयपूरचे डिझायनर आयुष कासलीवाल यांचं हे काम तेव्हापासून या विमानतळाची ओळख होऊन बसलं आहे.

फोटोत हात तेवढे लक्षात राहतात. प्रत्यक्षात जादू आहे ती त्यांच्यामागच्या तांब्याच्या चकत्यांची. ओळीने मांडलेल्या त्या गोल चकत्या प्रकाश सारखा झेलत नाहीत. कुठे झळाळी, कुठे सावली, आणि आपण चार पावलं सरकलो की दोन्हींच्या जागा बदललेल्या. घासूनपुसून मांडणीवर लावलेल्या घंगाळ-तांब्यांची ऊब त्या भिंतीला आहे. ती नसती तर हे हात दुकानातल्या पुतळ्यांचे वाटले असते. तसे ते जरा जास्तच गुळगुळीत आहेत. ना नखाला धार, ना तळव्याला रेष.

तरी ते बोलतात. एक तळहात सरळ आपल्याकडे रोखलेला, अभय देणारा. कुठे अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळलेली. या सगळ्या मुद्राच; पण नृत्यात आणि मूर्तीत मुद्रा कधी एकटी नसते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवा: कमळ धरलेल्या त्या बोटांचं मार्दव खाली झुकलेल्या डोळ्यांनी पुरं होतं. इथे चेहराच नाही, हात मनगटापुढे भिंतीत संपतात. भाव कुठला, हे पाहणाऱ्यानेच ठरवायचं. सुखरूप पोचलेल्याला तो तळहात ‘या’ म्हणतो. कागदपत्रांची धाकधूक असलेल्याला तोच ‘थांबा’ म्हणत असेल.

कासलीवालांनी योजलं होतं की नाही कोण जाणे, पण या भिंतीचा खालचा अर्धा भाग रोज नव्याने घडतो. मुद्रांच्या बरोबर खाली काउंटरमागे अधिकाऱ्यांचे हात चालू असतात. पासपोर्ट उघडायचा, पानं चाळायची, कोरी जागा हेरायची, ठप्पा मारायचा. परदेशी पाहुणा यंत्राच्या काचेवर चार बोटं टेकवतो; नीट उमटली नाहीत तर पुन्हा टेकवतो. वर हातांचं नृत्य, खाली हातांची ओळखपरेड! मला तर हा खालचा खेळ पाहिल्याशिवाय वरचा पुरा झालासं वाटत नाही.

मुंबईच्या टर्मिनल २वर ‘जय हे’ नावाचं अख्खं कलादालन भिंतीभिंतींवर पसरलं आहे. तिथे चालता चालता पाहायचं आणि बरंचसं सोडून द्यायचं. दिल्लीची भिंत एकच, आणि तिच्यासमोर माणूस रांगेत अडकलेला. कुठल्या कलादालनात प्रेक्षक एका कलाकृतीपुढे इतका वेळ उभा राहतो? जून २०२४पासून मात्र आधी नोंदणी केलेल्या भारतीय प्रवाशांसाठी इथे स्वयंचलित फाटकं आली आहेत. सोय उत्तम, तक्रार नाही. पण त्या वाटेने जाणारा पासपोर्ट आणि बोट टेकवून काही क्षणांत पार होतो, आणि वर मान करायला त्याला सवडच उरत नाही.