‘स्थायी’ ऊती किती स्थायी?

एनसीईआरटीचे नववीचे विज्ञानाचे पुस्तक २००६ साली निघाले. त्यातील ऊतींचे प्रकरण अनेक शिक्षकांच्या परिचयाचे आहे. त्यातला कांद्याचा प्रयोग आम्हाला आवडतो. मुळांची टोके कापली की त्यांची वाढ थांबते, हे मुले स्वतः पाहतात. विभाजी ऊती कोठे असते हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

पुढे मात्र गोंधळ होतो. विभाजी ऊतीतील पेशी ठरावीक काम स्वीकारतात, विभाजनाची क्षमता गमावतात आणि स्थायी ऊती बनते, असे पुस्तक सांगते. नंतर मात्र, जुन्या होत जाणाऱ्या खोडाच्या बाहेरच्या भागात विभाजी ऊतीची नवी पट्टी येते व तिच्यापासून बूच तयार होते, असेही सांगते. ही नवी ऊती आली कोठून? यावर पुस्तक गप्प आहे. असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आपण काय सांगणार?

उत्तर असे, की मूल ऊतीतील जिवंत पेशींनी विभाजन थांबवलेले असते. क्षमता गमावलेली नसते. खोड जाड होताना वाहक पुंजांच्या मधल्या मूल ऊतीच्या पेशी पुन्हा विभाजू लागतात, तेव्हाच कॅम्बियमचे कडे पूर्ण होते. कापलेल्या बटाट्यावर काही दिवसांत बुचाचा थर धरतो, तोही अशाच पेशींमुळे. १९५८ साली एफ. सी. स्ट्यूअर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर गाजराच्या मुळातील रसवाहिनीच्या भागातील पेशींपासून संपूर्ण झाडे वाढवून दाखवली.

याउलट नारळाच्या काथ्याचे तंतू पाहा. ते दृढ ऊतीचे. त्यांच्या पेशी पक्व होताना मरतात. जलवाहिनीच्या नळ्यांचेही तसेच. मेल्यावरही त्या झाडाला आधार व पाणी देतात, पण पुन्हा विभाजू शकत नाहीत. रसवाहिनीतील चाळणीनलिका जिवंत असतात, मात्र केंद्रक नसल्याने त्यांचेही विभाजन होत नाही. येथे ‘स्थायी’ हा शब्द शोभतो.

इतक्या भिन्न पेशींना एकच विशेषण लावल्याने मुले व्याख्या पाठ करतात आणि झाड जखम कशी भरून काढते, हे त्यांना कळतच नाही. आमची सूचना साधी आहे. फळ्यावरच्या तक्त्यात आणखी दोन रकाने आखावेत : पेशी जिवंत की मृत? पुन्हा विभाजन शक्य आहे का? आणि कांद्याच्या शेजारी एक कापलेला बटाटाही ठेवावा.