भुतांचें घर आणि धन्याची अट

भुताटकीच्या गोष्टी घरोघरीं आवडीनें ऐकल्या जातात. वाङ्मय म्हणून त्यांचा विचार मात्र क्वचितच होतो. हेन्री जेम्स ह्यांची ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ ही १८९८ सालची दीर्घकथा ह्यास अपवाद आहे. तींतील भुतें खरीं कीं शिक्षिकेच्या मनाचे खेळ, हा वाद एडमंड विल्सन ह्यांच्या १९३४ सालच्या निबंधापासून विशेष गाजला व अद्यापहि मिटलेला नाहीं. त्या वादांत कोणत्याहि पक्षास मिळण्याची आमची इच्छा नाहीं. भुतांइतकीच भयंकर अशी दुसरी एक गोष्ट ह्या कथेंत आहे, तिच्याकडे आम्हांस वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे.

लंडनमधील एक श्रीमंत, अविवाहित गृहस्थ आपल्या पोरक्या पुतण्यास व पुतणीस एसेक्स परगण्यांतील ब्लाय येथील वाड्यांत ठेवितो, आणि त्यांच्यासाठीं एका गरीब धर्मोपदेशकाची वीस वर्षांची मुलगी शिक्षिका म्हणून नेमतो. अट एकच : कांहींहि झालें तरी आपणांस तसदी देऊं नये, तक्रार नको, पत्रहि नको. पुढें ह्या शिक्षिकेस वाड्यांत दोन मृत माणसें दिसूं लागतात : धन्याचा पूर्वीचा खासगी नोकर क्विंट आणि पूर्वीची शिक्षिका मिस जेसेल.

आतां कारभारीण मिसेस ग्रोस हिच्याकडे पाहावें. क्विंट जिवंत असतांना ब्लाय येथें त्याचाच अंमल चाले आणि लहानगा माइल्स सदैव त्याच्या संगतींत असे. बाईनें मिस जेसेलपाशीं हा विषय काढला, तों ‘आपलें काम पाहा’ अशा थाटाचें उत्तर मिळालें. मग तिनें मुलास त्याच्या पायरीची आठवण दिली. तेव्हां, क्विंट चाकर तर तूंहि चाकरच, असें त्यानें तिला ऐकविलें! मनोऱ्यावर उभ्या राहिलेल्या क्विंटच्या आकृतीपेक्षां त्या बालकाचें हें उत्तर आम्हांस अधिक अंगावर शहारे आणणारें वाटतें. धन्यास मात्र तिनें कांहींच कळविलें नाहीं. क्विंटचें तिला भय होतें आणि धन्यास चहाडी खपत नसे.

क्विंटचें भूत ओळखूं येतें तेंहि त्याच्या अंगावरील दुसऱ्याच्या कपड्यांवरून. धन्याचे वेस्टकोट नाहींसे झाल्याचें मिसेस ग्रोसला लगेच आठवतें. पायरी सोडलेला चाकर हेंच येथें भुताचें रूप आहे. आणि ज्या शिक्षिकेस तें दिसतें, ती स्वतः ना धड घरची, ना धड चाकरांतली.

कथेंत एक उणीव आम्हांस जाणवते. मिसेस ग्रोस ही अक्षरशत्रु म्हणून लेखकानें तिला फारच भोळी केली आहे. आणि मोलकरणी व गडी तर केवळ नांवापुरते येतात. ह्या घराचें खरें वर्तमान ज्यांस ठाऊक असावयाचें, त्यांसच बोलावयास मिळालेलें नाहीं.

शेवटीं माइल्स शिक्षिकेच्या मिठींत प्राण सोडतो. भुतें खरीं माना वा खोटीं, वेळीच एक शब्द धन्याच्या कानीं गेला असता तर कदाचित् हें टळतें. नोकरांवर घर सोंपवून ‘आमच्यापर्यंत कांहीं आणूं नका’ असें सांगणारीं कुटुंबें आपल्याकडेहि आहेत. त्यांनीं ही कथा अवश्य वाचावी.